जपानी भाषेच्या परीक्षा : कोणती आणि कशासाठी?

शालान्त परीक्षेचे निकाल लागले की घरोघरी पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. त्या चर्चेत अलीकडे एका देशाचे नाव वारंवार ऐकू येऊ लागले आहे. परदेशी शिक्षण म्हटले की पूर्वी इंग्लंड-अमेरिकेपलीकडे कोणाची कल्पना धावत नसे. आमच्या गोमंतकात फार तर पोर्तुगालचे नाव निघे. आता जपानचे नाव निघते, आणि त्यास कारणही तसेच आहे. जपानने १९८३ मध्ये एक लक्ष परदेशी विद्यार्थी आपल्या देशात आणण्याचा संकल्प सोडला व तो २००३ मध्ये सिद्धीस नेला. २००८ मध्ये तीन लक्षांचा संकल्प झाला आणि २०१९ मध्ये ही संख्या तीन लक्ष बारा हजारांवर जाऊन पोहोचली. पुढे २०२३ मध्ये जपान सरकारने २०३३ पर्यंत चार लक्षांचे उद्दिष्ट जाहीर केले. ज्या देशात जन्मास येणाऱ्या मुलांची संख्या वर्षानुवर्षे घटत आहे, त्याने आपल्या विद्यालयांची दारे परक्या मुलांसाठी उघडी ठेवावीत, हे स्वाभाविकच होय.

परंतु दार उघडे असले तरी त्यास उंबरठा असतोच. जपानच्या बाबतीत हा उंबरठा भाषेचा आहे. तो ओलांडण्यासाठी एक नव्हे, अनेक परीक्षा आहेत. त्यांची नावे एकमेकींसारखी, आद्याक्षरे गोंधळात टाकणारी, आणि त्यांच्या जाहिराती तर त्याहूनही गोंधळ वाढविणाऱ्या. अशा वेळी विद्यार्थी व पालक आम्हा शिक्षकांस एकच प्रश्न विचारतात : ‘‘सर, यांतली सोपी कोणती?’’ आमच्या मते हा प्रश्नच मुळात चुकीच्या ठिकाणी सुरू होतो. प्रत्येक परीक्षा काही एक मोजण्यासाठी निर्माण झालेली असते. ती काय मोजते आणि तिच्या निकालाने नेमके कोणते दार उघडते, हे आधी पाहिले पाहिजे. सोपे-कठीण हा विचार त्यानंतरचा. धान्य मोजावयाचे माप कितीही सुबक असले तरी त्याने कापड मोजता येत नाही.

यांतील सर्वांत प्रसिद्ध परीक्षा म्हणजे जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा होय. जे.एल.पी.टी. या आद्याक्षरांनी ती सर्वत्र ओळखली जाते. १९८४ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा साऱ्या जगात मिळून सुमारे सात हजार परीक्षार्थी बसले होते. आज ही संख्या वर्षास दहा लक्षांच्या पुढे गेली आहे. जपानबाहेर जपान फाउंडेशन ही संस्था स्थानिक संस्थांच्या साहाय्याने ही परीक्षा घेते. प्रथम तिच्या चार पायऱ्या होत्या. २०१० पासून त्या पाच करण्यात आल्या. एन-५ ही सर्वांत खालची आणि एन-१ ही सर्वांत वरची. वर्षातून दोनदा, जुलै व डिसेंबर या महिन्यांत ती होते, आणि आपल्याकडील विद्यार्थ्यांस पुणे व मुंबई ही केंद्रे त्यातल्या त्यात जवळची आहेत. उत्तीर्ण झालेल्यास प्रमाणपत्र मिळते व त्यास मुदत नसते. मात्र एखादी संस्था अलीकडचेच प्रमाणपत्र मागू शकते.

एकूण गुण १८० असतात. एन-१ साठी १००, एन-२ साठी ९०, एन-३ साठी ९५, एन-४ साठी ९० आणि एन-५ साठी ८० गुण मिळवावे लागतात. केवळ बेरीज पुरी पडून भागत नाही. प्रत्येक विभागात ठरावीक किमान गुण मिळवावेच लागतात. म्हणजे व्याकरणात पारंगत असलेला विद्यार्थी श्रवणात अगदीच मागे पडला तर तो अनुत्तीर्ण होतो. ही व्यवस्था आम्हांस रास्त वाटते. परंतु या परीक्षेची एक मोठी मर्यादा प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानी घ्यावयास हवी. तिच्यात शब्दसंपत्ती, व्याकरण, वाचन व श्रवण यांची तपासणी होते. बोलण्याची व लिहिण्याची होत नाही. सर्व प्रश्न दिलेल्या पर्यायांतून अचूक उत्तर निवडण्याचे असतात. एन-१ उत्तीर्ण झालेल्या मनुष्याने परीक्षेत स्वतःच्या हाताने एकही जपानी वाक्य लिहिलेले नसते, की एकही वाक्य उच्चारलेले नसते. यात त्या परीक्षेचा दोष नाही. तिने जे मोजण्याचे कबूल केले तेवढेच ती मोजते. दोष असलाच तर त्या प्रमाणपत्रावरून नसलेल्या गुणांचे अनुमान काढणाऱ्यांचा आहे.

दुसरी परीक्षा आपल्याकडे फारशी परिचित नाही, आणि तिच्याविषयी लिहिण्यासाठीच मुख्यतः आम्ही ही लेखणी उचलली आहे. तिला ई.जे.यू. म्हणतात, मराठीत तिला ‘जपान-प्रवेश विद्यार्थी परीक्षा’ असे म्हणता येईल. ती २००२ मध्ये सुरू झाली. तत्पूर्वी जपानी विद्यापीठात पदवी अभ्यासक्रमासाठी जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यास एक सर्वसाधारण विषयांची परीक्षा व दुसरी भाषा प्रावीण्याची परीक्षा, अशा दोन परीक्षांस तोंड द्यावे लागे. या दोहोंच्या जागी ही एकच परीक्षा आणण्यात आली. जास्सो या नावाने ओळखली जाणारी जपानची विद्यार्थी-सेवा संस्था ती जून व नोव्हेंबर या महिन्यांत घेते. तिच्यात जपानी भाषा, विज्ञान, ‘जपान आणि जग’ हा सामाजिक विषय, आणि गणित असे चार विषय आहेत. ज्यास जे विद्यापीठ व जी शाखा हवी, त्याप्रमाणे विषय निवडावयाचे. विज्ञान घेणारा पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र यांतून दोन निवडतो. कलाशाखेकडे जाणारा ‘जपान आणि जग’ घेतो. गणिताचेही दोन स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. हे विषय जपानी किंवा इंग्रजी भाषेतून देता येतात. जपानी भाषेची प्रश्नपत्रिका मात्र अर्थातच जपानीतच असते.

या भाषाविषयाचे ४५० गुण असतात : वाचनास २००, श्रवण व श्रवणवाचन यांस मिळून २००, आणि लेखनास ५०. एकूण वेळ १२५ मिनिटे. लेखनविभागात ३० मिनिटांत ४०० ते ५०० जपानी अक्षरांचा एक निबंध लिहावयाचा असतो. वाचनाचे उतारे व श्रवणाचे संवाद हे विद्यापीठातील जीवनाशी जुळणारे असतात : व्याख्यान, ग्रंथालयातील सूचना, प्राध्यापकाशी बोलणे, आकृती पाहत पाहत ऐकलेले विवेचन. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, येथे उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा शेराच नाही. गुण मिळतात आणि ते गुण घेऊन विद्यार्थी विद्यापीठाकडे अर्ज करतो. कोणास किती गुणांवर घ्यावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. हे गुण साधारणतः दोन वर्षे उपयोगी पडतात. जपानमधील बहुसंख्य राष्ट्रीय विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रवेशासाठी या गुणांचा विचार करतात, आणि काही विद्यापीठे तर विद्यार्थ्यास जपानला न बोलाविता, या गुणांवर व कागदपत्रांवरच प्रवेशाचा निर्णय देतात.

आता या दोहोंची तुलना करू. पहिली परीक्षा ही पायऱ्यांची आहे, दुसरी ही चाळणी आहे. पायरीवर उभा राहिलेला मनुष्य आपण किती चढलो हे जाणतो. शेजारच्या पायरीवर किती जण आहेत याच्याशी त्यास कर्तव्य नसते. चाळणीची गोष्ट वेगळी. तेथे आपण इतरांच्या मानाने कसे आहो हाच प्रश्न असतो. जपानला जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत चिनी विद्यार्थ्यांचा भरणा सर्वांत मोठा आहे, आणि ही मुले जपानी लिपीतील चिनी चिन्हे लहानपणापासून ओळखतात. एन-२ चे प्रमाणपत्र मिळविताना त्यांची आपणांस काहीच अडचण होत नाही. पण विद्यापीठाच्या यादीत नाव लागावयाचे असेल तर त्यांच्या गुणांशेजारी आपले गुण ठेवले जातात. हा भेद न ओळखता जो विद्यार्थी प्रमाणपत्रावर विसंबतो, तो घोडामैदान दूर आहे असे समजून निजलेला असतो.

येथे कोणी म्हणेल, प्रावीण्य परीक्षा सर्वमान्य आहे, नोकरीस उपयोगी पडते, तिची केंद्रे जवळ आहेत. मग ही दुसरी यातायात कशासाठी? या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. जपानमधील धंदेशिक्षण महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्यास एन-२ किंवा त्यावरील प्रमाणपत्र पुरेसे धरले जाते, त्याऐवजी ई.जे.यू.च्या भाषाविषयात २०० गुण असले तरी चालतात. ज्यास पदवीनंतर नोकरी करावयाची आहे त्यास एन-२ वा एन-१ चा उपयोग निःसंशय आहे. शिवाय पायऱ्यांची परीक्षा अभ्यासास शिस्त लावते. दर सहा महिन्यांनी एक उद्दिष्ट समोर ठेवते. म्हणून तिला रजा द्यावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ज्यास जपानी माध्यमातून विद्यापीठात शिकावयाचे आहे त्याने तिला प्रवासातील मैलाचा दगड मानावे, मुक्काम मानू नये.

या दोन मोठ्या परीक्षांखेरीज आणखी काही आहेत, त्यांचाही परिचय करून घेणे अवश्य आहे. नॅट-टेस्ट व जे-टेस्ट या परीक्षा वर्षातून सहा वेळा होतात. नॅट-टेस्टच्या पाच पायऱ्या प्रावीण्य परीक्षेच्याच धर्तीवर आहेत, आणि जपानमधील भाषाशाळेत प्रवेश मागणारे विद्यार्थी आपल्या प्राथमिक ज्ञानाचा पुरावा म्हणून या परीक्षांचे निकाल जोडतात. अशा भाषाशाळेसाठी सामान्यतः एन-५ च्या योग्यतेचा किंवा दीडशे तासांच्या अध्ययनाचा पुरावा मागितला जातो. बी.जे.टी. ही व्यापारी जपानीची परीक्षा आहे. तिच्यात शून्यापासून आठशेपर्यंत गुण असतात व कचेरीतील व्यवहाराची भाषा तपासली जाते. जे.एफ.टी.-बेसिक ही २०१९ मध्ये सुरू झालेली संगणकावरील परीक्षा होय. २५० पैकी २०० गुण मिळाले की ती साध्य होते. ती मुख्यतः त्याच वर्षी जपानने निर्माण केलेल्या ‘विशिष्ट कुशल कामगार’ या परवान्यावर जाणाऱ्यांसाठी आहे. काम करावयास जाणे हे हलके मुळीच नव्हे. प्रामाणिक श्रमास आम्ही विद्येइतकाच मान देतो. परंतु शिकावयास निघालेल्या मुलाच्या हाती कामगाराच्या परीक्षेचा कागद देऊन ‘‘आता तुझे जपानचे काम झाले’’ असे कोणी सांगत असेल, तर ते त्या मुलाशी केलेले कपट होय.

हे आम्ही उगाच लिहीत नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची गोष्ट अशी. वडिलांचे लहानसे किराणा दुकान; मुलगा बारावीस चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला. एका मध्यस्थाने त्यांस सांगितले की एन-४ मिळवा, म्हणजे जपानमध्ये प्रवेश निश्चित. मुलाने कष्ट करून एन-४ मिळविले, वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढले, आणि मुलगा गेला. तेथे गेल्यावर त्यास उमगले की आपण विद्यापीठात नव्हे, भाषाशाळेत आलो आहोत, विद्यापीठासाठी ई.जे.यू. अजून द्यावयाचीच आहे, आणि तिच्यातील विज्ञान-गणिताच्या तयारीसाठी वेगळा वेळ काढावयाचा आहे. मध्यस्थाने शब्दशः खोटे काहीच सांगितले नव्हते. ‘प्रवेश’ हा शब्द त्याने वापरला होता, कशात प्रवेश हे मात्र सांगितले नव्हते. भाषाशाळेची मुदत दोन वर्षांपर्यंत असू शकते. विद्यार्थ्यास परवानगी घेऊन सत्रकाळात आठवड्यास २८ तास काम करता येते. त्या कामात त्याची शक्ती जाई, आणि उरलेल्या वेळात अभ्यास. मुलगा जिद्दीचा होता, त्याने निभावून नेले. परंतु जे त्यास येथे, आईच्या हातचे जेवून, घरच्या दिव्याखाली करता आले असते, ते त्यास परमुलखात दुप्पट खर्चाने करावे लागले. सगळीच मुले निभावतील असे नाही, आणि कर्ज तर सर्वांचेच फिटावयाचे असते.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी की, कोणासही पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. मुलगा वा मुलगी नेमक्या कोणत्या प्रकारच्या संस्थेत जाणार : भाषाशाळा, धंदेशिक्षण महाविद्यालय की विद्यापीठ? ती संस्था स्वतःच्या प्रवेशपत्रकात कोणती परीक्षा व किती गुण मागते? आणि तेथील शिक्षण संपल्यावर पुढील पायरीस कोणती परीक्षा लागेल? या तीन प्रश्नांची उत्तरे संस्थेच्या स्वतःच्या पत्रकातून मिळावयास हवीत. मध्यस्थाच्या तोंडून नव्हेत. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरेच. पण आधी अंथरूण कोठे घातले आहे तेही पाहावे.

ज्यांस जपानी भाषा न येताही जपानला जावेसे वाटते त्यांच्यासाठीही वाटा आहेत, हे न सांगणे अन्यायाचे होईल. २००९ मध्ये जपान सरकारच्या योजनेखाली निवडलेल्या तेरा विद्यापीठांत इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम वाढविण्यात आले. अशा अभ्यासक्रमांस जपानी भाषेच्या परीक्षेची सक्ती सहसा नसते. तसेच १९५४ पासून जपान सरकार परदेशी विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती देत आले आहे. वकिलातीमार्फत निवडल्या गेलेल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यास प्रथम एक वर्ष जपानी भाषा शिकविली जाते व मग विद्यापीठात पाठविले जाते. परंतु शिष्यवृत्त्या मोजक्या असतात. आणि इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्यासही वाण्याच्या दुकानात, डॉक्टराकडे, घरमालकाशी जपानीतच बोलावे लागते. भाषेवाचून देशात राहणे म्हणजे खिडकीच्या काचेतून जत्रा पाहणे होय.

आता अभ्यासाविषयी. २०१० पूर्वीच्या प्रावीण्य परीक्षेच्या संयोजकांनीच एक अंदाज दिला होता : सर्वांत खालच्या पायरीस सुमारे १०० चिनी चिन्हे, ८०० शब्द व १५० तास, तिच्यावरील पायरीस ३०० चिन्हे, १५०० शब्द व ३०० तास, त्यावरील पायरीस १००० चिन्हे, ६००० शब्द व ६०० तास, आणि सर्वांत वरच्या पायरीस २००० चिन्हे, १०,००० शब्द व ९०० तास. रोज न चुकता एक तास दिला तरी नऊशे तासांस अडीच वर्षे लागतात. आणि ज्यास ही चिन्हे जन्मतः परिचित नाहीत अशा आपल्या विद्यार्थ्यास याहूनही अधिक वेळ लागेल हे उघड आहे. ‘तीन महिन्यांत जपानी’ अशा पाट्या जेथे दिसतात तेथे हा हिशेब मनात ठेवावा. ज्यास बारावीनंतर जपानी विद्यापीठाचा विचार करावयाचा आहे त्याने नववीतच प्रारंभ करावा असे आमचे मत आहे. थेंबे थेंबे तळे साचते, पण त्यासाठी पाऊस वेळेवर सुरू व्हावा लागतो.

या कामी मराठी मुलास एक नैसर्गिक सोय आहे, तिची त्यास बहुधा कल्पना नसते. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आपल्याकडेही येते. ‘वाताशी नो होन’ म्हणजे ‘माझे पुस्तक’. यातील ‘नो’ हा आपल्या ‘चा-ची-चे’चा सख्खा भाऊ शोभेल. ‘टोकियो नि’ म्हणजे ‘टोकियोला’. तू, तुम्ही, आपण हा आदराचा तरतमभाव आपण घरातच शिकतो. जपानीत तो याहूनही सूक्ष्म आहे. इतकेच नव्हे, तर जपानी अक्षरमालेचा अ, इ, उ, ए, ओ आणि क, स, त, न, ह, म, य, र, व हा क्रम आपल्या वर्णमालेशी नाते सांगतो. बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचलेल्या सिद्धम् लिपीच्या व संस्कृत वर्णविचाराच्या अभ्यासाचा तो परिणाम मानला जातो. जो मुलगा अंकलिपी शिकला आहे त्यास जपानी अक्षरमाला परकी वाटण्याचे कारण नाही. खरी चढण आहे ती चिनी चिन्हांची. जपान सरकारच्या नित्योपयोगी यादीत २०१० पासून २१३६ चिन्हे आहेत. त्यांस रोजच्या लेखनाखेरीज दुसरा उपाय नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांस भाषाशिक्षक म्हणून सर्वांत महत्त्वाची वाटते. ई.जे.यू.मधील तो ४०० ते ५०० अक्षरांचा निबंध पाहा. त्यात फुलांचे आत्मवृत्त नसते की पावसाळ्याचे वर्णन नसते. एखाद्या प्रश्नावर आपले मत कोणते, ते का, आणि विरुद्ध पक्षाचे म्हणणे काय, हे अर्ध्या तासात नेटकेपणाने मांडावयाचे असते. ज्या मुलाने मराठीत कधी स्वतःचे मत स्वतःच्या शब्दांत मांडलेले नाही, मार्गदर्शकातील निबंध पाठ करूनच ज्याने दहावीची नौका पार केली आहे, त्यास जपानी शब्द कितीही येत असले तरी येथे लेखणी अडणारच. विचार करण्याची सवय परभाषेत नव्याने लागत नसते. ती स्वभाषेत लागते आणि परभाषेत उतरते. आमची घरची भाषा कोकणी, शाळेची मराठी. एकीत आम्ही जगलो, दुसरीत आम्ही विचार मांडावयास शिकलो. दोहोंपैकी एकीनेही दुसरीची वाट अडविली नाही. म्हणून जपानी शिकण्यासाठी मराठीचा तास चुकविणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही इतकेच सांगू की, तू ज्या झाडावर चढू पाहतोस त्याचीच मुळे तोडीत आहेस.

शब्द येणे आणि अर्थ पोचणे यांत किती अंतर असते, याचे एक जुने उदाहरण आमच्या गोव्याच्याच इतिहासात आहे. कागोशिमाचा अंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ १५४८ मध्ये गोव्यास आला, सेंट पॉल विद्यालयात राहून पोर्तुगीज लिहा-वाचावयास शिकला, आणि १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर यांचा दुभाषी म्हणून आपल्या गावी परतला. मनुष्य बुद्धिमान होता, यात शंका नाही. परंतु ‘देव’ या अर्थी त्याने ‘दाइनिची’ हा शब्द योजला. आणि जपानी श्रोत्यांच्या लेखी ते एका बुद्धाचे नाव होते. बोलणारा एक बोलत होता, ऐकणारा दुसरेच ऐकत होता. पुढे हा घोटाळा उमगल्यावर तो शब्द टाकून द्यावा लागला. कोणत्याही परीक्षेत अंजिरो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला असता. पण जीवनाची परीक्षा पर्यायांतून उत्तर निवडून सुटत नाही. शब्दामागची माणसे, त्यांच्या समजुती, त्यांचे ग्रंथ यांचा परिचय झाल्यावाचून भाषा पुरती हाती येत नसते.

शेवटी एक गाऱ्हाणे, आणि तेही आदरपूर्वक. भारतात ई.जे.यू. ही नवी दिल्ली येथे घेतली जाते. गोव्याहून, बेळगावाहून, कारवाराहून एका दिवसाच्या परीक्षेसाठी दिल्लीस जावयाचे म्हणजे प्रवास, मुक्काम आणि सोबतीस घरातील एक वडीलधारे माणूस. सुखवस्तू घरास हे जड नाही. किराणा दुकानदाराच्या वा मच्छीमाराच्या घरास जड आहे. परिणाम असा होतो की, जी परीक्षा विद्यापीठाचे दार सरळ उघडते ती दूर राहते, आणि जवळची म्हणून दुसरीच निवडली जाते. पुण्यात जपानी भाषेच्या अध्ययनाची परंपरा दीर्घ आहे. तेथील शिक्षकवर्ग व विद्यार्थिसंख्या पाहता या परीक्षेचे एक केंद्र पुण्यास वा मुंबईस व्हावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. विद्यार्थिसंघटनांनी, भाषाशिक्षकांनी व शाळांनी ती संबंधितांपुढे रीतसर मांडावी. तोवर शाळांनी निदान इतके तरी करावे की, प्रत्येक वर्षी नववीच्या वर्गास या परीक्षांतील भेद समजावून सांगावा. ही माहिती विकत घ्यावी लागू नये, एवढी तरी काळजी आपण घेऊ शकतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी किती जण जपानला जातील हे कोणी सांगावे! कदाचित एक जाईल, कदाचित कोणीच जाणार नाही. परंतु जो जाईल त्याने आपण कोठे व कशासाठी जात आहोत हे जाणून जावे. भाषाशाळा हवी असेल तर एन-५ ने प्रारंभ करा. धंदेशिक्षण हवे असेल तर एन-२ कडे दृष्टी ठेवा. विद्यापीठ हवे असेल तर पहिल्या दिवसापासून ई.जे.यू.चे चार विषय डोळ्यांपुढे ठेवून प्रावीण्य परीक्षेच्या पायऱ्या चढत जा. आणि काम हवे असेल तर कामगाराच्या परीक्षेस ताठ मानेने बसा. यांपैकी कोणतीही वाट कमीपणाची नाही. कमीपणा आहे तो एका वाटेचे भाडे भरून दुसऱ्या वाटेवर उतरविले जाण्यात. प्रमाणपत्र हा कागद आहे, आणि कागदास किंमत त्यामागील विद्येने येते. ती विद्या मिळवा; कागद आपोआप मागे येईल.